अंबर: विकत घेतलेल्या एका मुलाचं नाव

मलिक अंबर हे नाव मला शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात भेटलं. भातवडीची लढाई, फोडलेला तलाव, शहाजीराजे, आणि निजामशाहीचा कर्ता हबशी वजीर. अंबर म्हणजे काय, हे बाईंनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. दिगंबर आमच्याच वर्गात होता, पीतांबर देवळात होता. अंबर म्हणजे आकाश, नाहीतर वस्त्र. दोन्ही अर्थ घरचे. आफ्रिकेतून आलेल्या माणसाचं नाव संस्कृत कसं, हा साधा प्रश्न पडायलाही बरीच वर्षं जावी लागली.

हा अंबर वेगळा. तो अरबी आहे आणि आकाशाशी त्याचं काही नातं नाही. तो समुद्राचा शब्द आहे, अत्तराच्या बाजारातला शब्द आहे. आणि माणसाचं नाव म्हणून त्याच्यामागे एक असा रिवाज आहे, की तो कळल्यावर आपल्या इतिहासातली पाचसहा नावं एकदम वेगळी ऐकू येऊ लागतात.

आधी अक्षरं पाहू. अरबीत हे नाव चार अक्षरांत लिहितात: ऐन, नून, बे, रे. लिहिल्याप्रमाणे वाचलं तर ‘अन्बर’. बोलताना मात्र ‘अम्बर’ होतं, कारण पुढच्या ‘ब’साठी ओठ आधीच मिटायला निघतात आणि ‘न’चा ‘म’ होऊन जातो. कुराणपठणाच्या शास्त्रात या बदलाला ‘इक्लाब’ म्हणतात, आणि छापील प्रतींत अशा नूनवर वाचणाऱ्याच्या सोयीसाठी इवलासा मीम छापलेला असतो. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. ‘अंतर’मधला अनुस्वार आपण ‘न्’सारखा उच्चारतो आणि ‘अंबर’मधला ‘म्’सारखा, टिंब तेच, काम दुसरं. त्यामुळे देवनागरीत हे नाव लिहिताना काही हरवत नाही. हरवतो तो पहिला ऐन. घशाच्या तळातून निघणारा हा व्यंजनध्वनी आपल्याकडे नाही. अली, उमर, ईद, आदिल, अक्कल या सगळ्यांच्या आरंभी मुळात ऐन आहे. आपण प्रत्येक ठिकाणी एक स्वर ठेवला आणि मोकळे झालो. या मोकळेपणातून झालेले घोटाळे पुढे येतीलच.

अरबी नावांचा अर्थ सांगणं एरवी फार सोपं असतं. बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. ह-स-न म्हणजे चांगलं असणं, म्हणून हसन. स-ल-म म्हणजे सुखरूप असणं, म्हणून सलीम. ह-म-द म्हणजे स्तुती, तिच्यातून महमूद आणि अहमद. आईबापांनी मुलात जो गुण पाहिला किंवा मागितला, तो नावात उतरतो. अंबर या रांगेत बसत नाही. त्याची व्यंजनं चार आहेत, आणि त्याच्या मागे कुठली क्रिया नाही की कुठला गुण नाही. ते एका वस्तूचं नाव आहे, आणि ती वस्तू तोळ्यावर विकली जात असे.

ही वस्तू हल्ली आपल्या वर्तमानपत्रांत ‘व्हेलची उलटी’ म्हणून येते. कोकणात किंवा मुंबईजवळ कुणीतरी पिशवीत दगडासारखा करडा गोळा घेऊन पोलिसांच्या सापळ्यात सापडतो आणि त्याची किंमत कोटींत सांगितली जाते. हे अंबरग्रीस. उलटी म्हणणं मात्र फारसं बरोबर नाही. स्पर्म व्हेल जातीचा देवमासा हजार मीटरहून खोल बुडी मारून माकूल खातो. माकूलाचं सगळं अंग पचतं, पण त्याची पोपटासारखी टणक चोच पचत नाही. बहुतेक चोची देवमासा ओकून टाकतो. क्वचित एखाद्याच्या आतड्यात त्या पुढे सरकतात, टोचतात, आणि त्यांच्याभोवती मेणासारखा थर साचत जातो. हा गोळा बहुधा विष्ठेच्या वाटेने बाहेर पडतो, किंवा देवमासा मेल्यावर. ताजा असताना तो काळा, मऊ आणि शेणासारखा वास मारणारा असतो. मग वर्षानुवर्षं खारं पाणी, ऊन आणि हवा यांत तो तरंगत राहतो. काळ्याचा करडा होतो, कधी पांढुरका होतो, आणि दुर्गंधाचा सुगंध होतो. त्या सुगंधाचं वर्णन करताना लोक समुद्र, तंबाखू, जुनं लाकूड, जनावराची कातडी अशी एकमेकांशी न जुळणारी नावं घेतात. स्वतःच्या वासापेक्षाही अत्तरवाल्यांना त्याची दुसरी करामत मोलाची: तो बाकीच्या हलक्या सुगंधांना धरून ठेवतो, लवकर उडू देत नाही. आज हे काम प्रयोगशाळेत बनवलेली रसायनं करतात. आपल्याकडच्या अत्तरांच्या दुकानांत ‘अंबर’ लिहिलेली जी स्वस्त कुपी मिळते तिच्यात तर झाडाच्या राळेचं मिश्रण असतं; देवमाशाचा तिच्याशी काही संबंध नसतो. भारतात या देवमाशाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, त्यामुळे किनाऱ्यावर आपसूक सापडलेला गोळाही विकणं गुन्हाच आहे.

मध्ययुगात हे सगळं ठाऊक नव्हतं. समुद्राच्या तळाशी झरा आहे आणि त्यातून अंबर डांबरासारखं उमळतं, असं काही अरब लेखक सांगत. काहींच्या मते ती समुद्रतळावर उगवणारी बुरशी होती. देवमाशाच्या पोटात ते सापडतं हेही त्यांना माहीत होतं, पण माशाने ते गिळलं असावं अशी त्यांची समजूत. चिनी लोकांनी त्याला ड्रॅगनची लाळ ठरवलं. दहाव्या शतकातला बगदादचा लेखक मसऊदी दक्षिण अरबस्तानच्या किनाऱ्याविषयी एक मजेदार गोष्ट सांगतो. तिथले लोक रात्री उंटांवर बसून किनाऱ्याने फिरतात. उंट शिकवलेले असतात आणि वाळूत अंबर दिसलं की ते आपणहून गुडघे टेकतात. आजच्या येमेनमधल्या शिहर या बंदरावरून ‘शिहरी’ अंबर सर्वांत उंची मानलं जाई. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरूनही ते येई. त्याच किनाऱ्यांवरून, त्याच गलबतांतून आणखी एक माल येई, त्याच्याकडे वळायचंच आहे.

युरोपने हा शब्द अरबांकडूनच घेतला आणि एक गोंधळ करून ठेवला. किनाऱ्यावर सापडणारा सुगंधी करडा गोळा आणि बाल्टिक समुद्राच्या काठी सापडणारी पिवळी जीवाश्म राळ या दोघांनाही एकच नाव पडलं. मग वेगळेपणा सांगायला फ्रेंचांनी पहिल्याला ‘करडा अंबर’ म्हटलं. अंबरग्रीसमधला ‘ग्रीस’ म्हणजे तोच करडा रंग. पुढे नुसतं ‘अंबर’ त्या पिवळ्या राळेकडेच राहिलं. आपण तिला तृणमणी म्हणत होतो, घासल्यावर गवताची काडी ओढते म्हणून. आता दागिन्यांच्या दुकानात तीही अंबरच झाली आहे. गंमत म्हणजे संस्कृत कोशकारांनीही ‘अम्बर’ शब्दाच्या अर्थांत आकाश आणि वस्त्र यांच्या शेजारी एक सुगंधी द्रव्य नोंदवून ठेवलं आहे. अरबी व्यापाऱ्यांचा माल आपल्या कोशापर्यंत पोचला होता तर.

अरबीत मात्र अंबरचा अर्थ सुगंधापुरता नाही. तो मासाही आहे. सातव्या शतकातली एक हकीकत हदीसच्या संग्रहांत येते. अबू उबैदा यांच्या हाताखाली सुमारे 300 जणांची तुकडी समुद्रकिनाऱ्याकडे गेली होती. शिधा संपत आला, माणशी दिवसाला एक खजूर मिळू लागला, शेवटी लोक झाडाचा पाला झोडपून खाऊ लागले. अशा वेळी किनाऱ्यावर टेकडीएवढा एक मासा लागलेला दिसला. त्याला ‘अंबर’ म्हणत. साऱ्या तुकडीने पंधरा-अठरा दिवस त्याच्यावर गुजराण केली, आणि निघताना त्याची फासळी उभी करून तिच्याखालून उंट चालवून पाहिला. वर टेकला नाही. इथिओपियाच्या प्राचीन गीझ भाषेतही देवमाशाला ‘अन्बरी’ असाच शब्द आहे. तिथल्या बायबलमध्ये योनाला गिळणारा तो हाच. अरबी कोशांत आणखी एक अर्थ सापडतो: ढाल. या माशाच्या कातडीच्या ढाली करत, म्हणून.

म्हणजे सुगंध, मासा आणि ढाल. यांपैकी कुठल्या अर्थाने मुलाचं नाव ठेवायचं, ते मूल कुणाचं यावर ठरत असे. इस्लामच्या आधीपासूनच्या तमीम या मोठ्या अरब टोळीची एक शाखा ‘बनू अंबर’ म्हणवून घेत असे. त्यांच्या मूळपुरुषाचं नाव अंबर. तो काही गुलाम नव्हता. वाळवंटातल्या सरदाराला अत्तराच्या नावापेक्षा ढालीचं किंवा अजस्र माशाचं नाव शोभतं. जुन्या अरबांची नावं अशीच असत: कुत्रा, लांडगा, खडक, कडू फळ. या सवयीबद्दलचा एक किस्सा अरबी भाषापंडित पिढ्यानपिढ्या सांगत आले. एका बदूला कुणी विचारलं, की तुम्ही पोटच्या पोरांना असली भयंकर नावं देता आणि गुलामांना मात्र लाभ, बरकत, यश अशी गोड नावं देता, हे काय? त्याच्या उत्तराचा मथितार्थ असा, की मुलांची नावं आम्ही शत्रूसाठी ठेवतो आणि गुलामांची स्वतःसाठी.

या उत्तरावर थोडं थांबायला हवं. मुलाचं नाव रणात शत्रूच्या कानावर पडायचं असतं. ते ऐकून त्याला धडकी भरली पाहिजे. गुलामाचं नाव दिवसातून पन्नास वेळा मालकाच्याच तोंडी यायचं. पाणी आण, घोडा बांध, दार लाव. तेव्हा जे उच्चारताना तोंड गोड होईल, शकुन होईल, ते नाव. गुलामाला ते आवडतं की नाही, हा प्रश्न पानात वाढलेल्या पदार्थाला विचारण्यासारखा.

त्यातूनच मुस्लिम जगभर गुलामांच्या नावांचा एक संचच तयार झाला. अत्तरवाला आणि जवाहिऱ्या यांच्या दुकानांतून उचलल्यासारखी नावं: अंबर, काफूर म्हणजे कापूर, मिस्क म्हणजे कस्तुरी, संदल म्हणजे चंदन, सुंबुल म्हणजे जटामांसीसारखी सुगंधी वनस्पती, रैहान म्हणजे तुळशीच्या जातीतलं सुगंधी रोप, याकूत म्हणजे माणिक, जौहर म्हणजे रत्न, मर्जान म्हणजे पोवळं. ही नावं सगळ्याच गुलामांना सारखी मिळत नसत, हेही लक्षात घेण्यासारखं. तलवार चालवण्यासाठी विकत घेतलेले तुर्क बहुधा आपापली तुर्की नावं राखून असत. कुतुबुद्दीनचं ‘ऐबक’ म्हणजे चंद्राचा स्वामी, इजिप्तचा बैबर्स म्हणजे सरदार-चित्ता. सुगंधाची आणि रत्नांची नावं येत ती मुख्यतः आफ्रिकेतून आणलेल्या मुलांच्या वाट्याला, आणि घरात, जनानखान्याच्या आसपास वावरणाऱ्या खोजांच्या वाट्याला.

त्यात थट्टाही होती. काळ्याभोर मुलाला ‘कापूर’ म्हणायचं, हा विनोद मालकाला रोज नव्याने सुचत असावा. दहाव्या शतकात इजिप्तवर सत्ता चालवणारा काफूर असाच आफ्रिकेतून विकत आणलेला होता. त्याचं आदराचं नाव होतं ‘अबुल मिस्क’, म्हणजे कस्तुरीचा पिता. म्हणजे एकाच माणसाच्या नावात पांढरा कापूर आणि काळी कस्तुरी. मुतनब्बी हा अरबीतला मोठा कवी त्याच्या आश्रयाला गेला, त्याने त्याची भरपूर स्तुती केली, आणि अपेक्षित सुभेदारी न मिळाल्यावर 962 मध्ये पळून जाऊन त्याच्या रंगावर आणि गुलामपणावर इतकी विखारी कवनं रचली, की आजही अरबी शिकणाऱ्यांना काफूर आधी त्या निंदेतून भेटतो. 968 मध्ये वारलेल्या एका कर्तबगार राज्यकर्त्याची ही कमाई. ‘काफूर’ हा शब्द मुळात अरबी नाहीच. कापूर येतो आग्नेय आशियातून, आणि आपल्या ‘कर्पूर’शी त्याचं सरळ नातं आहे.

अंबर हे नाव मात्र उलटं नाही, सुलटं आहे. फारसी कवींनी प्रेयसीच्या काळ्या, सुवासिक केसांना ‘अंबरी’ म्हणण्याचा प्रघातच पाडला होता. काळा आणि सुगंधी. हबशी मुलाला अंबर म्हणणाऱ्याच्या मनात ही उपमा तयारच असे.

नाव न आवडलेल्या एका गुलामाची नोंद आहे. याकूत हा ग्रीक वंशाचा मुलगा बगदादच्या एका व्यापाऱ्याने विकत घेतला, शिकवला, पुढे मुक्त केला. त्याने जगभरच्या गावांचा आणि प्रदेशांचा असा थोरला कोश लिहिला, की त्याच्याशिवाय मध्ययुगीन भूगोलाचा अभ्यास होत नाही. हा याकूत 1229 मध्ये वारला. त्याचा चरित्रकार इब्न खल्लिकान लिहितो, की नाव झाल्यावर तो स्वतःला याकूब म्हणवून घेऊ लागला. मराठी कानाला एका अक्षराचा फेर. माणिकाचा पैगंबर झाला, आणि दुकानातल्या वस्तूचा माणूस. जगाने मात्र त्याला याकूतच ठेवलं.

आता आपल्या अंबरकडे. त्याचा जन्म 1548 च्या सुमारास इथिओपियात झाला. पीटर व्हान डेन ब्रुक नावाचा डच व्यापारी दख्खनमध्ये त्याला प्रत्यक्ष भेटला होता, आणि त्याने लिहून ठेवलं, की गुलाम असताना याचं नाव चापू होतं आणि मोखाच्या बाजारात तो वीस डुकाटांना विकला गेला. चापू. आईने हाक मारली असेल ती या नावाने. मोखा हे येमेनचं बंदर, पुढे कॉफीसाठी जगभर गाजलेलं. तिथून तो मुलगा बगदादला गेला आणि मीर कासिम नावाच्या मालकाकडे आला. याने त्याला मुसलमान केलं, लिहायला-वाचायला आणि हिशेब ठेवायला शिकवलं, आणि त्याचं नाव ठेवलं अंबर. पोराची हुशारी पाहून ठेवलं की रंग पाहून, ते मीर कासिमलाच ठाऊक. बहुधा संचातलं पहिलं सुचलेलं.

1570 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला विकत घेतलं अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने. हा चंगीझखान स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम होता. दख्खनमध्ये ही वाट मोकळी होती: गुलाम म्हणून या, लढा, मालक मेला की मुक्त व्हा, आणि मग ज्याच्यात धमक असेल तो सरदार. थोड्याच वर्षांत चंगीझखान मेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. काही काळ विजापूरकरांच्या चाकरीत गेला. तिथे त्याला ‘मलिक’ हा किताब मिळाला असं सांगतात. मलिक हा म-ल-क या धातूचा. मालक, मुलूख हे आपले रोजचे शब्द त्याच धातूचे. तेव्हा मलिक अंबर या जोडनावात दोन टोकं शेजारी उभी आहेत: पहिला शब्द मालकी सांगणारा, दुसरा मालाचा.

1600 मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतलं. निजामशाही संपली असं सगळ्यांनी धरलं असताना या माणसाने राजघराण्यातला एक वारस शोधून गादीवर बसवला, त्याला आपली मुलगी दिली, आणि पुढचं पाव शतक अकबर आणि जहांगीर यांच्या फौजांना सह्याद्रीच्या कुशीत झुलवत ठेवलं. त्यासाठी त्याने मराठा स्वारांच्या पथकांचा जो उपयोग केला, त्याचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. 1610 मध्ये त्याने खडकी हे गाव राजधानी म्हणून वसवलं. त्याने लावलेली जमिनीची मोजणी आणि धारा मराठी दप्तरांत ‘मलिकंबरी’ या नावाने राहिली. एका विशेषणात नाव आणि किताब दोन्ही विरघळून गेले. कवींद्र परमानंदांच्या संस्कृत ‘शिवभारता’तही भातवडीच्या प्रसंगात तो येतो. ज्या भाषेत अंबर म्हणजे आकाश, त्या भाषेत हे नाव पोचलं, आणि तिथे कुणाला ते खटकण्याचं कारण नव्हतं.

जहांगीरला मात्र ते नीट कळत होतं. फारसी त्याच्या घरची. आपल्या आठवणींत तो अंबरचा उल्लेख सरळ करत नाही. काळतोंड्या, काळ्या नशिबाचा अशी विशेषणं लावून करतो. शत्रूच्या नावातच काळेपणा आयता होता. त्याचा दरबारी चित्रकार अबुल हसन याने 1616 च्या सुमारास एक चित्र काढलं, ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्याच्या टोकावर लावलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. असं कधी घडलं नाही. मे 1626 मध्ये अंबर वारला तो वयाच्या ऐंशीच्या घरात, आणि त्याचं डोकं धडावर होतं. खुलताबादला त्याची कबर आहे. तो गेल्यावर जहांगीरच्याच दरबारातल्या मुतमिदखान या इतिहासकाराला, असा लढवय्या आणि कारभारी दुसरा नव्हता, अशा अर्थाचं लिहावं लागलं.

हा रिवाज एकदा कळला, की शिवकाळाच्या इतिहासात सगळीकडे अत्तराचा वास येऊ लागतो. 1660 मध्ये पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर म्हणजे ‘रत्न’. जवाहीर हे त्याच शब्दाचं अरबी अनेकवचन. मराठीने ते एकवचनासारखं वापरायला घेतलं, म्हणून आपल्याला ओळख पटत नाही. जंजिऱ्याचा सिद्दी संबूल म्हणजे सुंबुल. याच नावाचा एक खोजा इस्तंबूलच्या सुलतानाच्या जनानखान्याचा प्रमुख होता; 1644 मध्ये त्याचं जहाज माल्टाच्या सरदारांनी लुटलं आणि त्यावरून क्रीट बेटासाठी युद्ध पेटलं. मुंबईला वेढा घालणाऱ्या सिद्दी कासिमला औरंगजेबाने किताब दिला याकूतखान. विजापूरचा मलिक रैहान, ज्याला इखलासखान म्हणत, तो सब्जाचं रोप. आणि त्यांच्याही आधी देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर, खंभातच्या लुटीत सापडलेला, हजार दिनारांना घेतलेला म्हणून ‘हजार-दिनारी’. किंमत आणि नाव दोन्ही त्याच्या अंगावर डकवलेली. या सगळ्या हबश्यांना आपण ‘सिद्दी’ म्हणतो तो शब्दही अरबी ‘सय्यिदी’वरून आला असं मानतात, आणि त्याचा अर्थ ‘माझे धनी’. गुलामांच्या जमातीला धनी हे नाव कसं पडलं, याचं उत्तर जंजिऱ्याच्या तटावर उभं राहिलं की मिळतं.

आता ऐन गाळल्याने झालेला तो घोटाळा. सिद्दी जौहरने ज्या पन्हाळ्याला वेढा घातला, त्या गडावर अंबारखाना आहे, धान्याची प्रचंड कोठारं. बोलण्यात ‘अंबरखाना’. मलिक अंबरचा त्याच्याशी काही संबंध नाही. हा अंबार फारसी, ऐनने नव्हे तर अलिफने लिहायचा. अर्थ साठा, रास. ‘धान्याचे अंबार’ म्हणतो तो हाच. इराकच्या अन्बार प्रांताचं नावही तिथल्या जुन्या कोठारांवरून पडलं. हत्तीवरची अंबारी आणखी तिसरीच, तिचा मूळ शब्द ‘अमारी’. अरबांनी आपल्याला हसू नये, कारण इजिप्तमध्ये त्यांनी हाच घोटाळा लेखी केला आहे: तिथे फारसी अंबार ऐन लावून ‘अंबर’ लिहितात, आणि इस्पितळातल्या वॉर्डाला किंवा तुरुंगातल्या बराकीला अंबर म्हणतात.

आज ही नावं मुक्त झाली आहेत. रेहान हे गेल्या दोन पिढ्यांत आवडीचं नाव झालं, आणि ते ठेवणाऱ्या आईबापांच्या मनात सुगंधाशिवाय काही नसतं. अरब देशांत अंबर मुलींचंही नाव आहे. नामावलीच्या मराठी पुस्तकांत अंबर दिसतो तो ‘आकाश’ या अर्थासह.

मलिक अंबरने स्वतःच्या मुलाचं नाव अत्तराच्या दुकानातून घेतलं नाही. इतिहास त्याला फतेखान म्हणून ओळखतो. फतह म्हणजे विजय, शत्रूने ऐकावं असं नाव. बापामागे फतेखानाने खडकीचंही फतेहनगर केलं. विजय काही त्याच्या नशिबी आला नाही; 1633 मध्ये दौलताबादचा किल्ला त्याला मोगलांच्या हवाली करावा लागला. वीस वर्षांनी फतेहनगरचं औरंगाबाद झालं, आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. या शहराला पाणी पाजण्यासाठी अंबरने जमिनीखालून दगडी बांधणीचा एक कालवा आणला होता. उच्छ्वास सोडायला जागोजागी मनोरे असलेला हा कालवा कितीतरी पिढ्या वाहत राहिला. त्याचं नाव अजून नहर-ए-अंबरी.